हायड्रॉलिक गळती : थेंबामागचं कारण शोधा

रस्त्याचं काम असो, शेततळं असो की खडीची खाण, पोकलेन आणि जेसीबीशिवाय आज काम पुढे सरकत नाही. या यंत्रांची सगळी ताकद हायड्रॉलिक ऑइलच्या दाबात असते. २० टनी पोकलेनमध्ये हा दाब साधारण ३५० बारपर्यंत जातो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे साडेतीनशे किलोचा भार. मोटारीच्या टायरमधला दाब जेमतेम सव्वादोन बार असतो, यावरून फरकाचा अंदाज यावा. इतक्या दाबाखालचं ऑइल कुठूनतरी बाहेर येऊ लागलं की साइटवर जे उपाय सुरू होतात, त्यांतले बरेच ऐकीव समजुतींवर चालतात. या समजुतींपायी मालकाचे पैसे जातात आणि कधी मेकॅनिकचं बोटही जातं. म्हणून त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : यंत्र म्हटलं की थोडं ऑइल गळणारच.

वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दहा तासांच्या पाळीत १.८ लिटर आणि २५ दिवसांत ४५ लिटर ऑइल मातीत जातं. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ओल्या जागेवर धूळ चिकटते, सिलिंडरचा दांडा आत जाताना ती सीलपाशी ओढली जाते आणि पुढे ऑइलमध्ये मिसळते. पंपातल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. खडी क्रशरवरची बारीक धूळ या फटीत शिरली की पंप आतून घासायला लागतो. शिवाय फुटक्या होजमधून उडालेला ऑइलचा फवारा तापलेल्या टर्बोवर पडला तर यंत्र पेट घेऊ शकतं.

गैरसमज : होजवरून हात फिरवला की गळती सापडते.

वस्तुस्थिती : ही सवय सगळ्यात घातक आहे. होजला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की त्यातून येणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही. त्वचा भेदायला सुमारे ७ बार दाब पुरतो. इथे तर तो त्याच्या कित्येक पट असतो. साधे हातमोजे ही धार अडवू शकत नाहीत. उच्च दाबाचं तेल शरीरात घुसल्याच्या इजेची नोंद वैद्यकीय साहित्यात १९३७ सालापासून आहे, तरीही आजही माणसं याच चुकीने जखमी होतात.

फसवणूक होते ती जखमेच्या दिसण्याने. बाहेर फक्त काटा टोचल्यासारखी खूण असते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र ऑइल स्नायूबंधांच्या कडेकडेने पसरत जातं, सूज वाढते, रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरू लागतात. काही तासांत शस्त्रक्रिया करून ते ऑइल काढलं नाही तर बोट किंवा हात कापावा लागण्याची शक्यता झपाट्याने वाढते. त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी जाणं हा उपाय नाही. जखमी माणसाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘जास्त दाबाचं हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय.’ ऑइलच्या डब्यावरचं नाव सोबत ठेवा. गळती शोधताना जाड पुठ्ठा किंवा लाकडाची फळी लांबून फिरवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

गैरसमज : इंजिन बंद केलं की दाब संपला.

वस्तुस्थिती : वर उचललेल्या बूमचं वजन सिलिंडरमधल्या ऑइलवरच तोललेलं असतं. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो, टाकीतही थोडा दाब असतो. नट सैल करण्याआधी बकेट आणि बूम जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली ‘ऑन’ ठेवून सगळे लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा हलवा आणि टाकीचा दाब सोडा. ऑइल तापलेलं असेल तर थंड होऊ द्या. यंत्रागणिक पद्धत थोडी बदलते, म्हणून त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा.

गैरसमज : जिथे ओलं दिसतं तिथेच गळतं.

वस्तुस्थिती : ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने आणि यंत्राच्या हालचालीने पसरतं. खालच्या प्लेटवर जमलेलं ऑइल वरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचं किंवा मधल्या स्विव्हल जॉइंटचं असू शकतं. पहिलं काम धुण्याचं. भाग स्वच्छ करून कोरडा करा, यंत्र थोडा वेळ चालवा आणि सगळ्यात वर कुठे ओल येते ते पाहा. तरीही कळलं नाही तर त्या ऑइलला चालणारा फ्लुरोसंट डाय टाकून अतिनील टॉर्चखाली पाहता येतं.

काही गळती तर बाहेर दिसतच नाही. ट्रॅव्हल मोटरचं शाफ्ट सील गेलं तर हायड्रॉलिक ऑइल फायनल ड्राइव्हमध्ये शिरतं. पंप गिअरबॉक्सला जोडलेला असेल तर ते गिअरबॉक्समध्ये जाऊ शकतं. हायड्रॉलिक टाकीची पातळी उतरतेय, जमीन कोरडी आहे आणि गिअर ऑइलची पातळी मात्र वाढलीय, असं असेल तर ऑइल आतल्या आत गळतंय असं समजा.

गैरसमज : नट आणखी आवळला, टेप गुंडाळली की गळती थांबते.

वस्तुस्थिती : बहुतेक हायड्रॉलिक जोडांमध्ये ऑइल आट्यांवर अडत नाही, ते शंकूच्या बैठकीवर किंवा ओ-रिंगवर अडतं. आटे फक्त जोड दाबून धरतात. त्यामुळे अशा जोडावर टेप लावून उपयोग नाही. उलट तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हची बारीक छिद्रं बुजवतात. पाना जास्त ओढला की बैठक चेपते किंवा फ्लेअरला तडा जातो आणि थेंबाची धार होते. जोड गळत असेल तर दाब सोडा, जोड उघडा, बैठक आणि ओ-रिंग पाहा आणि ठरलेल्या टॉर्कने आवळा. बैठकीचा कोनही जुळायला हवा. जेआयसी जोडाचा शंकू ३७ अंशांचा असतो, काही जपानी जोडांचा ३० अंशांचा. आटे बसले म्हणजे जोड जुळला असं नाही.

गैरसमज : सील किट बदललं की काम झालं.

वस्तुस्थिती : सील एकदा गेलं तर ते वयाने गेलं असेल. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेलं तर त्याला कोणीतरी मारतंय. दांड्यावरचा क्रोमचा थर फार पातळ असतो. त्यावर दगडाचा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल, दांडा वाकला असेल, तर नवं सीलही त्याच धारेवर फाटतं. आधी दांडा सरळ करून पुन्हा क्रोम करायला हवा. पंपाचं शाफ्ट सील वारंवार जात असेल तर केस ड्रेनचा, म्हणजे पंपात आत झिरपलेलं ऑइल टाकीत परत नेणाऱ्या लाइनचा, दाब मोजा. आतून झिजलेला पंप किंवा दबलेली ड्रेन लाइन सीलला मागून ढकलत असते. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या वर सतत तापत असेल तर सील कडक होऊन चिरतात. तिथे उपचार कुलरचा करायचा.

गैरसमज : बूम आपोआप खाली बसतो, म्हणजे सिलिंडरचं सील गेलं.

वस्तुस्थिती : सिलिंडर ऑइलने भरलेला आहे आणि दोन्ही तोंडं घट्ट बंद आहेत असं धरा. मग पिस्टनचं सील निकामी झालं तरी बूम फारसा खाली येणार नाही. दांडा आत यायचा तर त्याच्या जागेपुरतं ऑइल बाहेर जायला हवं, आणि ऑइल जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणजे बूम बसत असेल तर ऑइल कुठूनतरी निसटतंय : कंट्रोल व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमधून, पोर्ट रिलीफमधून किंवा भार धरणाऱ्या व्हॉल्व्हमधून. खराब सील यात भर घालू शकतं, पण ते एकटंच दोषी असतं असं नाही. बूमला भक्कम आधार देऊन प्रशिक्षित मेकॅनिककडून चाचणी करून घ्या, मगच सिलिंडर उतरवा.

गैरसमज : होज फुटला की त्याच मापाचा दुसरा टाकायचा.

वस्तुस्थिती : व्यास आणि लांबी एवढं पाहून चालत नाही. होजवर छापलेला दर्जा आणि कामाचा दाब पाहा. दोन जाळ्यांचा होज चार जाळ्यांच्या जागी चालत नाही. दाब आल्यावर होजची लांबी २ टक्के वाढू शकते किंवा ४ टक्के कमी होऊ शकते, म्हणून ताणून बसवलेला होज टोकाच्या क्रिम्पपाशी (फिटिंग दाबून बसवलेल्या जागी) निसटतो. जुना होज जिथे घासून फुटला तिथे क्लॅम्प नसेल तर नवाही तिथेच फुटेल. बाइंडिंगच्या तारेने बांधलेला होज त्या तारेवरच कापला जातो.

दुरुस्तीनंतर सांडलेलं आणि काढलेलं ऑइल नाल्यात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं असतं.

मालकांनी एक वही यंत्रातच ठेवावी : कुठून गळालं, कारण काय निघालं, कोणता भाग बदलला, किती तासांवर बदलला, ऑइल किती भरलं. तीच जागा वहीत दुसऱ्यांदा आली की भाग बदलणं थांबवा आणि कारण शोधायला वेळ द्या. आणि ऑपरेटर, हेल्पर, मेकॅनिक, साइटवर काल आलेला पोरगा, या प्रत्येकाला काम सुरू होण्याआधी सांगा : गळती हाताने शोधायची नाही. नवा होज आणता येतो, कापलेलं बोट परत आणता येत नाही.