'पूराचे' की 'पुराचे'? स्क्रीन रीडरवर लिहिणाऱ्यांना शुद्धलेखनाची चूक कळते तरी कशी?

'पूर आला' लिहिताना पू दीर्घ. 'पुरात घर गेले' लिहिताना पु ऱ्हस्व. 'पूरग्रस्त' लिहिताना पुन्हा दीर्घ. 'कोल्हापूर' दीर्घ, 'कोल्हापुरात' ऱ्हस्व आणि 'कोल्हापूरला' परत दीर्घ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर मदतीचा अर्ज लिहायला बसलेल्या कोणालाही हे शब्द टाळता आले नसते.

डोळ्यांनी वाचणारा माणूस अशा ठिकाणी क्षणभर थांबतो, शब्द 'बरा दिसत नाही' म्हणून खोडतो आणि पुन्हा लिहितो. पण जो माणूस कॉम्प्युटरचा पडदा पाहत नाही, फक्त ऐकतो, त्याचे काय? 'पुरात' आणि 'पूरात' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. कानाला फरक लागत नाही. नेमकी अडचण इथेच सुरू होते.

मंगळवार पेठेला लागून असलेल्या मिरजकर तिकटी परिसरात अंध मुलांची शाळा आहे. त्यामुळे पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारी मुले या भागाला नवीन नाहीत. ही मुले पुढे कॉलेजात जातात, स्पर्धा परीक्षा देतात, कार्यालयांत लागतात. शाळेत ब्रेल असते. भारती ब्रेलमध्ये पहिल्या वेलांटीची आणि दुसऱ्या वेलांटीची ठिपक्यांची रचना वेगळी आहे, त्यामुळे बोटाला दोन्ही वेगळ्या कळतात. कॉलेजात आणि नोकरीत मात्र ब्रेल मागे पडते आणि सगळा कारभार कानावर येतो. तिथून शब्दाचा आवाज लक्षात राहतो, अक्षरे हळूहळू निसटतात.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. विंडोजवर 'जॉज' आणि 'एनव्हीडीए' ही दोन नावे सर्वाधिक ऐकू येतात. जॉज विकत घ्यावे लागते आणि ते महाग आहे. एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये ते लिहायला सुरुवात केली, नंतर जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. एनव्हीडीएसोबत येणारा 'ईस्पीक एनजी' हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार यंत्रासारखा आहे, पण सवय झाली की लोक तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. या वेगात वेलांटी ऐकू येण्याची शक्यता आणखी कमी होते.

लाल रेघ ऐकू कशी येते?

वर्डमध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. एनव्हीडीए ती रेघ आवाजात बदलते, पण आधी एक सेटिंग तपासावे लागते. इन्सर्ट, कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबली की 'डॉक्युमेंट फॉरमॅटिंग'चा विभाग उघडतो. तिथे 'स्पेलिंग एरर्स' सुरू हवे. ते सुरू असेल तर ओळ वाचताना चुकीच्या शब्दाजवळ तशी सूचना मिळते. याच्या जोडीला कीबोर्डच्या विभागात आणखी एक पर्याय आहे. तो सुरू ठेवला की टाइप करतानाच चुकीच्या शब्दानंतर बारीकसा 'बझ' असा आवाज येतो. पहिले सेटिंग बंद असेल तर हा दुसरा पर्याय चालत नाही. अनेकांचे इथेच बिनसते, कारण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

लिहून झाल्यावर तपासायचे असेल तर तीन मार्ग आहेत. ऑल्ट आणि एफ-७ दाबले की कर्सर थेट पुढच्या चुकीच्या शब्दावर जातो आणि पर्यायांची यादी उघडते. नुसते एफ-७ दाबले की पूर्ण मजकुराची तपासणी सुरू होते. नव्या वर्डमध्ये त्यासाठी बाजूला वेगळा रकाना उघडतो. तिसरा मार्ग फारसा माहीत नसलेला, पण सगळ्यात सोयीचा आहे. इन्सर्ट आणि स्पेसबार दाबून वर्डमध्ये 'ब्राउझ मोड' सुरू करायचा आणि डब्ल्यू दाबत राहायचे. प्रत्येक वेळी पुढची चूक. शिफ्टसह डब्ल्यू दाबले की मागची चूक. दहा पानांच्या अहवालात चार चुका असतील तर चार वेळा बटण दाबून काम होते.

इथपर्यंत इंग्रजी आणि मराठीत फरक नाही. खरा फरक यापुढे आहे.

पर्यायांची यादी ऐकली, पण निवडायचा कोणता?

समजा, 'पूराचे' हा शब्द चुकला म्हणून मशीनने थांबवले आणि पर्याय दिला: 'पुराचे'. स्क्रीन रीडर वाचणार 'पुराचे'. मूळ शब्दही त्याने तसाच वाचला होता. म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मशीन म्हणते आहे, 'पुराचे चूक आहे, त्याऐवजी पुराचे घ्या.' इंग्रजीतही असे होते, पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या जवळजवळ प्रत्येक चुकीला हेच होते.

यावर उपाय एकच, अक्षर-अक्षर ऐकणे. एनव्हीडीएमध्ये नंबरपॅडवरचे ५ दोनदा दाबले की चालू शब्दाची अक्षरे सुटी करून वाचली जातात. पर्यायांच्या यादीत असताना इन्सर्ट आणि टॅब दोनदा दाबले की निवडलेला पर्याय तसाच सुटा ऐकू येतो. तरीही शंका राहते, कारण सुटी वेलांटी कशी वाचायची हे प्रत्येक आवाजाचे वेगळे असते.

अशा वेळी शेवटचा, पण खात्रीचा मार्ग आकड्यांचा. कर्सर त्या चिन्हावर नेऊन नंबरपॅडवरचे २ तीनदा दाबले की एनव्हीडीए त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक सांगते. २३६७ म्हणजे पहिली वेलांटी, २३६८ म्हणजे दुसरी. २३६९ म्हणजे पहिला उकार, २३७० म्हणजे दुसरा. चार आकडे पाठ केले की वाद मिटतो. हे वाचायला विचित्र वाटेल. वेलांटी ओळखायला चार आकडी संख्या कशाला? पण दुसरा खात्रीचा मार्ग म्हणजे ब्रेल डिस्प्ले. कीबोर्डसमोर ठेवायचे, ठिपके वर-खाली होणारे हे यंत्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

नियम पाठ असले तर?

मदत होते, पण पुरेशी नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात ४ नियमांची भर पडली. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा नियम कानावर अवलंबून नाही. तो पाठ करून पाळता येतो. पण 'वकील'चे 'वकिलाने' होते आणि 'न्यायाधीश'चे 'न्यायाधीशाने' राहते, कारण दुसरा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. 'तालीम'चे तर 'तालमीत' होते. ही ओळख सतत शब्द पाहून किंवा बोटांनी वाचून पक्की होते. ऐकून ती पक्की होत नाही, म्हणूनच इथे स्पेलचेक लागतो.

मराठी स्पेलचेक कुठे चुकतो?

सर्वांत मोठी गडबड भाषेच्या निवडीत होते. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. वर्डमध्ये तपासणीची भाषा हिंदी राहिली तर 'शक्ति' बरोबर ठरते आणि मराठीतले बरोबर असलेले 'शक्ती' चूक ठरते. डोळस माणसाला पानभर लाल रेघा दिसल्या की काहीतरी बिघडल्याचे लगेच कळते. स्क्रीन रीडरवाल्याला प्रत्येक शब्दानंतर बझ ऐकू येतो आणि तो वैतागून आवाजच बंद करतो. त्यामुळे आधी संपूर्ण मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधून तपासणीची भाषा मराठी करणे आवश्यक आहे. त्याच खिडकीत 'स्पेलिंग तपासू नका' असा पर्याय असतो, तो निवडलेला नाही ना हेही पाहावे.

याच्या उलट अडचण शांततेची. एकही बझ आला नाही, म्हणजे चुका नाहीत की तपासणीच बंद आहे? साधी युक्ती आहे. मुद्दाम एक निरर्थक शब्द टाइप करायचा. आवाज आला तर तपासणी सुरू आहे.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना मराठी शब्दकोश मोफत मिळतो. तो 'हनस्पेल' या इंजिनावर चालतो. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेसाठी बनवले, कारण त्या भाषेतही शब्दाला प्रत्ययांची रांग लागते. मराठीत 'घर'पासून 'घरासमोरच्यांनाही'पर्यंत किती रूपे होतात ते मोजून पाहा. म्हणून हनस्पेलमध्ये एका फाइलमध्ये मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात. नियम अपुरे पडले की बरोबर रूपही चुकीचे ठरते. आडनावे, गावांची नावे, 'तिकटी'सारखे अस्सल कोल्हापुरी शब्द यांवर कोणताही स्पेलचेक अडखळू शकतो. ते एकदा अक्षर-अक्षर तपासून स्वतःच्या शब्दकोशात टाकले की पुढचा त्रास वाचतो.

आणि काही चुका स्पेलचेक पकडूच शकत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' हे सगळे शब्द कोशात आहेत. 'शिक्षक दीन' असे लिहिले तरी मशीन गप्प बसते. चूक वाचणाऱ्याला हसू येईल, लिहिणाऱ्याला कळणारही नाही.

जे डोळ्यांना दिसत नाही, ते कधी कधी कानाला कळते

'ॲप' आणि 'अॅप' हे दोन शब्द पाहा. बहुतेक फोनवर दोन्ही सारखेच दिसतील. पहिल्यात 'ॲ' हे एकच चिन्ह आहे, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. दुसऱ्यात 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हे आहेत. शोधताना किंवा स्पेलचेक करताना मशीनला हे दोन वेगळे शब्द वाटतात. डोळस संपादक 'बरोबरच तर आहे' म्हणत कपाळाला हात लावतो. अक्षरे सुटी करून ऐकणाऱ्याला मात्र एक की दोन, हे लगेच कळते.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलपुढे मात्र सगळेच हरतात. युनिकोड नसलेल्या त्या मजकुरात मशीनच्या लेखी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तेच बडबडतो. ई-पेपरचे पान चित्र म्हणून टाकले असेल, तर तेवढेही वाचले जात नाही. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट इतरांना सांगण्याआधी स्वतःच्या पानांकडे पाहायला हवे.

हे इतके महत्त्वाचे का?

कारण यावर नोकऱ्या अवलंबून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची अट असते. एकदा खुर्चीवर बसल्यावर रोजची टिप्पणी, पत्रे, परिपत्रके मराठीत. तिथे डोळस कर्मचाऱ्याने 'पूराचे' लिहिले तर ती घाईत झालेली चूक ठरते. अंध कर्मचाऱ्याने तेच लिहिले तर 'याला जमत नाही' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

टायपिंग शिकणाऱ्यांसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड इथे उपयोगी पडतो. त्यात व्यंजन आधी, वेलांटी नंतर, म्हणजे बोलण्याच्याच क्रमाने. शिवाय पहिली वेलांटी एफ बटणावर आहे, ज्यावर बोटाला लागणारा उंचवटा असतो. दुसरी वेलांटी तिच्या वरच्या ओळीत आर बटणावर. पहिला उकार जी वर, दुसरा त्याच्या वर टी वर. ऱ्हस्व खाली, दीर्घ वर. कानाला न कळणारा फरक बोटांच्या सवयीत बसवता येतो, तो असा.

फोनवर काय?

अँड्रॉइडवर टॉकबॅक मराठी वाचते. वाचनाचा पर्याय 'अक्षरे' केला की स्वाइप करत शब्द सुटा ऐकता येतो. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्ये रोटरवर 'चुकीचे शब्द' असा वेगळा पर्याय येतो. २०१७ पासून गुगलचे व्हॉइस टायपिंगही मराठीत आहे. अनेक जण तेच वापरतात आणि वेलांट्या बऱ्याचदा बरोबर येतात. पण बोललेला 'दीन' पडद्यावर 'दिन' उमटला की नाही, हे पुन्हा अक्षरे ऐकूनच कळते.

सहकारी आणि शिक्षकांसाठी एक गोष्ट. प्रिंटवर लाल पेनाने गोल करून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर स्क्रीन रीडरला त्या गोलात काय आहे ते समजत नाही. वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' सुरू करून दुरुस्ती केली किंवा चुकलेल्या शब्दावर कॉमेंट टाकून 'दुसरा उकार नको, पहिला हवा' असे शब्दांत लिहिले, तर एनव्हीडीए ते वाचून दाखवते.