लडाखच्या घरातली ऊब

लडाखमधले लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर आहे. जानेवारीत तिथल्या रात्रीचा पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरू शकतो. झाडे मोजकी, पाण्याच्या कडेने लावलेली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जळणाचा मोठा आधार वाळलेल्या शेणाचाच. पण जे शेण चुलीत जाते, ते खत म्हणून शेतात पडत नाही. म्हणूनच इथे घरातली ऊब राखण्याचा प्रश्न थेट पिकाशी जोडलेला आहे.

निसर्गाने एक गोष्ट मात्र हात राखून दिलेली नाही, ती म्हणजे ऊन. कडाक्याच्या हिवाळ्यातही इथले आकाश बरेचदा निरभ्र असते. दिवसा ऊन आत घ्यायचे आणि रात्री त्याची ऊब निसटू द्यायची नाही, यावरच इथल्या चांगल्या घराची मांडणी उभी असते.

जुन्या घराचे शहाणपण

जुन्या लडाखी घरात तळमजल्यावर गुरे, वरच्या मजल्यावर माणसे. गुरांच्या अंगची ऊब वर पोचते. हिवाळाभर सगळे कुटुंब स्वयंपाकघरात, चुलीभोवती वावरते. म्हणजे गरम ठेवायची जागाच कमी होते. भिंती कच्च्या मातीच्या विटांच्या आणि जाडजूड, खिडक्या लहान. सपाट छपरावर पॉप्लरच्या तुळया, विलोच्या काटक्या, गवत आणि वर मातीचा थर. त्यावर रचलेला चारा आणि सरपणही थंडी अडवते.

आता सिमेंटची घरे वाढली आहेत. काँक्रीटमधून उष्णता मातीच्या मानाने साधारण दुपटीने किंवा त्याहूनही वेगाने निघून जाते. पातळ काँक्रीटच्या भिंतींआड बुखारी, म्हणजे धुराड्याची लोखंडी चूल, कितीही पेटवली, तरी ती विझताच खोली गारठते.

ऊन आत घेताना

21 डिसेंबरच्या दुपारी लेहमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ 80 अंशांवर चढतो. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीवर बेताचा सज्जा ठेवला, की हिवाळ्याचे तिरपे ऊन खोलीत खोलवर येते आणि उन्हाळ्याचे बाहेरच अडते.

दुसरी युक्ती ‘ट्रॉम्ब भिंती’ची. फ्रान्समधल्या ओडेयो येथे फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुरचनाकार झाक मिशेल यांनी 1960च्या दशकात ती घरांत वापरून दाखवली. दक्षिणेची जाड भिंत काळी रंगवायची आणि थोडे अंतर सोडून बाहेरून काच बसवायची. काच ऊन आत सोडते, पण तापलेल्या भिंतीची उष्णता सहज परत जाऊ देत नाही. फूटभर जाडीच्या भिंतीतून ती आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन रात्री खोलीत येते!

लडाखी अभियंते सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये ‘सेकमॉल’ ही शिक्षणक्षेत्रातली संस्था सुरू केली. फे गावाजवळचे तिचे विद्यार्थी-संकुल मातीच्या भिंतींचे आणि दक्षिणाभिमुख आहे. हिवाळ्यात दर्शनी बाजूला प्लॅस्टिकचे आच्छादन लावून तिथे हरितगृह तयार होते. त्यातली ऊब खोल्यांना मिळते.

ऊब कुठून निसटते?

सर्वांत आधी फटींतून. दारे-खिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या भेगा बुजवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. दोन दारांमध्ये छोटी पडवी असेल, तर एक दार उघडताना गार वारा थेट आत घुसत नाही. त्यानंतर काच. एकाऐवजी दोन काचा लावून मध्ये हवा कोंडली, की खिडकीतून जाणारी उष्णता निम्म्यावर येते. रात्री जाड पडदा हवाच. गरम हवा वर चढते, म्हणून छपराच्या थरांत पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरतात. दुहेरी भिंतीच्या पोकळीतही हेच भरता येते.

एक पथ्य मात्र जिवाचे आहे. बुखारी किंवा शेगडी पेटती असताना खोली पूर्ण बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो झोपेत जीव घेतो. धुराडे साफ हवे, ताज्या हवेला वाट हवी.

जाड माती उष्णता सावकाश पुढे सोडते, हे तत्त्व आपल्याकडेही जुनेच आहे. जाड मातीच्या छपरांची मराठवाड्यातली माळवदे आणि विदर्भ-खानदेशातली धाब्याची घरे त्याच तत्त्वावर दुपारचा ताप बाहेर ठेवत आली. आपण ती पाडून पातळ भिंती आणि पत्रे घेतले, आणि आता कूलरचे बिल भरतो. नवे घर बांधताना दिशा, भिंत आणि छप्पर यांचा विचार यंत्रांच्या आधी झाला पाहिजे. तो नकाशावरच केला, तर त्याचा लाभ घर उभे आहे तोवर मिळत राहतो.