मिलिंग यंत्रातील कटर-धारकांची निवड : ‘धरणे’ या क्रियेची चार अंगे

मिलिंग यंत्रात ज्यावर काम करावयाचे तो धातूचा ठोकळा टेबलावर आवळलेला असतो आणि अनेक दातांचा कटर स्वतःभोवती फिरत त्याचा पृष्ठभाग तासून काढतो. यंत्राचा फिरता कणा म्हणजे स्पिंडल. हा स्पिंडल आणि कटर यांच्यामध्ये जे उपकरण येते, त्यास कारखान्यात होल्डर म्हणतात. कॉलेट, चक, आर्बर ही त्याचीच निरनिराळी रूपे होत. नावे अनेक असली तरी त्या सर्वांचे कार्य मात्र ‘कटर धरणे’ अशा एकाच शब्दप्रयोगाने सांगितले जाते. भाषेची ही काटकसर बोलण्यात सोयीची असली तरी निवडीच्या वेळी ती दिशाभूल करते. एका क्रियापदाखाली चार भिन्न कार्ये दडलेली आहेत, आणि त्यांतील एक उत्तम करणारा होल्डर दुसऱ्यात अगदी दुबळा असू शकतो.

या भेदाचे ओळखीचे उदाहरण म्हणजे घरातील जाते. त्याचा वरचा दगड मधल्या खिळीमुळे केंद्रात राहतो, कडेच्या खुंट्यामुळे फिरतो आणि स्वतःच्या वजनामुळे खाली दाबलेला राहतो. खीळ दगड फिरवीत नाही आणि खुंटा त्यास केंद्रात ठेवीत नाही. कटराच्या बाबतीतही अशीच विभागणी करावी लागते. कटराचा अक्ष स्पिंडलच्या अक्षाशी जुळविणे हे केंद्रण. स्पिंडलचा पीळ कटरापर्यंत पोहोचविणे हे चालन. कटर अक्षाच्या दिशेने बाहेर सरकू न देणे हे रोधन. आणि कापताना येणाऱ्या आडव्या जोराखाली न वाकणे हा ताठपणा. कोणत्याही होल्डरचा विचार या चार प्रश्नांच्या क्रमाने केला, तर नावांचा गोंधळ बराचसा ओसरतो.

प्रथम स्पिंडल व होल्डर यांचा सांधा पाहू. तो बहुधा निमुळत्या शंकूचा, म्हणजे टेपरचा, असतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या मोर्स टेपरात दर २० मिमी लांबीस व्यास सुमारे १ मिमी कमी होतो. इतक्या मंद उताराचा शंकू खोबणीत ठोकून बसविला की घर्षणानेच घट्ट राहतो. म्हणजे केंद्रण आणि, बऱ्याच अंशी, चालन तो एकटाच करतो. छिद्रे पाडताना जोर अक्षाच्या दिशेने आत येतो, त्यामुळे ही पकड अधिकच दृढ होते. मिलिंगमध्ये मात्र जोर आडवा व धक्क्याधक्क्याने येतो, आणि अशा वेळी केवळ घर्षणावर विसंबलेला शंकू सुटू शकतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत मिलिंग यंत्रांसाठी ठरविलेल्या टेपरात २४ मिमी लांबीस व्यास ७ मिमी कमी होतो. येथे अर्ध्या कोनाचे स्पर्शमूल्य ७ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.१४६ आहे. तेलकट पोलादावरील पोलादाचा घर्षणगुणांक साधारणतः ०.१० ते ०.१५ इतका असतो. म्हणजे हा शंकू स्वतःहून धरून राहील असा भरवसा देता येत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. तो फक्त केंद्रण करतो. चालनासाठी स्पिंडलच्या तोंडावर दोन चाव्या असतात आणि रोधनासाठी मागून ओढणारा ड्रॉबार असतो. जात्यातील श्रमविभागणीच येथे पुन्हा दिसते. कार्ये वेगळी केल्यामुळे होल्डर भक्कम बसतो, तरीही ड्रॉबार सैल करताच सहज निघतो.

अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांत या रचनेची एक मर्यादा उघड झाली. केंद्रोत्सारी बलाने स्पिंडलचे तोंड किंचित फाकते. ड्रॉबारच्या ओढीने होल्डर तितकाच आत जातो आणि कापाची खोली बदलते. यावर जर्मनीत ‘होलशाफ्टकेगेल’ नावाची रचना पुढे आली आणि १९९० नंतरच्या दशकात तिचे मानक प्रसिद्ध झाले. नावाचा शब्दशः अर्थ ‘पोकळ दांड्याचा शंकू’. तिचे खरे वैशिष्ट्य मात्र त्या नावात नाही. शंकूबरोबरच होल्डरचा सपाट काठही स्पिंडलच्या तोंडावर टेकतो, म्हणून होल्डर आत सरकू शकत नाही. पोकळ शंकूची भिंत किंचित लवचिक असल्यामुळे दोन्ही स्पर्श एकाच वेळी साधतात. नाव आकृतीवरून पडले. कार्य शोधून काढावे लागते.

आता होल्डर व कटर यांच्या सांध्याकडे वळू. केंद्रणाचे महत्त्व एका छोट्या हिशोबाने पटते. दोन दातांच्या कटरास दर दातामागे ०.०५ मिमी सरक दिली आहे आणि कटर ०.०२ मिमी लंगडा फिरतो, असे समजा. मग एक दात ०.०७ मिमी जाड कीस काढील, तर दुसरा ०.०३ मिमी. कटर मोठा असेल तर हे खपून जाते. परंतु ३ मिमी व्यासाच्या कटरास दर दातामागे ०.०१५ मिमी सरक असेल, तर त्याच लंगडेपणात एक दात मुळीच कापणार नाही आणि सारा भार दुसऱ्यावर पडेल. असा कटर लवकर मोडतो. बारीक कटरांच्या बाबतीत केंद्रणास पहिले स्थान द्यावे लागते, ते यामुळे.

रोधनाची उपेक्षा त्याहून धोक्याची असते. नेहमीच्या उजव्या पिळाच्या दातांवर येणाऱ्या जोराचा एक भाग कटरास होल्डरमधून बाहेर ओढतो. ड्रिल चक या कामी वापरण्याचा मोह नवशिक्यास होतो, कारण तो हाताशी असतो आणि त्यात कोणताही दांडा बसतो. परंतु त्याचे तीन जबडे दांड्यास अरुंद पट्टीइतकाच स्पर्श करतात, आणि चक स्वतः बहुधा लहान टेपरावर केवळ घर्षणाने बसलेला असतो. तो आत दाबणाऱ्या जोरासाठी योजलेला आहे. बाहेर ओढणारा आणि बाजूने हादरवणारा जोर त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. कटर सरकून कामात खोल घुसतो किंवा चकच निसटून फिरत्या अवस्थेत खाली येतो. पहिल्या प्रसंगात काम वाया जाते; दुसऱ्यात कारागिराच्या हाताला व डोळ्याला धोका असतो.

कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली शंक्वाकार नळी. हा शब्द फ्रेंच भाषेत ‘मान’ या अर्थाच्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप आहे. दांड्याभोवती गळपट्ट्याप्रमाणे आवळणारी वस्तू, ही कल्पना त्यात आहे. १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघालेला ‘ईआर’ हा प्रकार आज सर्वत्र आढळतो. त्याच्या क्रमांकाने मात्र फसगत होते. ‘ईआर ३२’ यातील आकडा कॉलेटच्या स्वतःच्या मोठ्या टोकाजवळील व्यासाचा निदर्शक आहे. त्यात नेहमी २० मिमीपर्यंतचाच दांडा बसतो. कॉलेट प्रथम नटात चढवून मगच नट होल्डरवर फिरवावा लागतो, अन्यथा ते तिरपे आवळले जाते. दांडाही कॉलेटच्या लांबीत पुरेसा आत गेला पाहिजे. नुसत्या टोकाशी धरल्यास मागची बाजू मिटते आणि पकड व केंद्रण दोन्ही बिघडतात. मध्यम कामास कॉलेट उत्तम. जड कामात मात्र केवळ घर्षणाच्या पकडीतून कटर हळूहळू खाली सरकण्याची भीती राहते.

जड कामासाठी वेल्डन पद्धतीचा होल्डर योजतात. त्यात कटराच्या दांड्यावर घासलेल्या सपाट जागेवर बाजूचा स्क्रू आवळला जातो. चालन व रोधन यांची जवळजवळ हमी मिळते. परंतु स्क्रू दांड्यास एका बाजूस ढकलतो, म्हणून केंद्रणाचा थोडा त्याग होतो. छिद्र व दांडा यांत ०.०१ मिमी सूट असेल, तर अक्ष ०.००५ मिमी सरकतो आणि कटर ०.०१ मिमी लंगडतो. २० मिमी कटराने खडबडीत कापणी करताना हे नगण्य आहे. ३ मिमी कटरास ते परवडत नाही.

केंद्रण व पकड दोन्ही हवी असतील, तर तापवून बसविण्याचा होल्डर उपयोगी पडतो. १२ मिमी व्यासाचे पोलादी छिद्र ३०० अंश सेल्सिअसने तापविले असता सुमारे ०.०४ मिमी रुंदावते. त्यात कार्बाइडचा दांडा सोडला की थंड होताना छिद्र त्यास चहूबाजूंनी आवळते. कार्बाइडचे प्रसरण पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे पुन्हा तापविल्यावर दांडा सुटतो. परंतु तापविण्याचे यंत्र महाग आणि प्रत्येक व्यासास स्वतंत्र होल्डर हवा. तेलाच्या दाबाने आवळणारा होल्डर केंद्रणात चांगला असून कंपही काही प्रमाणात शोषतो. मोठ्या फेस कटरास दांडाच नसतो. तो आर्बरच्या खुंटीवर बसून चाव्यांनी फिरतो.

राहिला ताठपणा. तो होल्डरच्या प्रकारापेक्षा त्याच्या वापरावर अधिक अवलंबून आहे. कटराचे वाकणे बाहेर असलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटते. बाहेरची लांबी ५० मिमीवरून ४० मिमी केली, तर वाकणे जवळजवळ निम्मे होते. हा लाभ विनाखर्च मिळतो, तरीही नेमका तोच पुष्कळदा विसरला जातो. टेपरात अडकलेला एक बारीक कीसही असाच विसरला जातो, आणि त्यामुळे सर्वांत महागडा होल्डरही तिरपा बसतो.

तात्पर्य, ‘सर्वांत चांगला होल्डर कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. हाती असलेल्या कापात चार कार्यांपैकी कोणत्यावर सर्वाधिक भार पडतो, हे आधी विचारावयास हवे. बारीक कटर असेल तर केंद्रणावर, जड कापणी असेल तर रोधन व चालनावर, खोल पोकळी असेल तर ताठपणावर. हे निश्चित झाले की होल्डर निवडणे फारसे अवघड राहत नाही. कार्यशाळेची भाषा ‘धर’ एवढाच आदेश देते. त्या आदेशातील चारही अर्थ वेगळे ओळखणारा कारागीर काम आणि स्वतःचे हात दोन्ही सुरक्षित ठेवतो.