वर्गणीवर उभा राहिलेला गड

पोतं आधी पाण्यात भिजवायचं, मग प्लास्टरच्या पातळ काल्यात बुडवायचं आणि ओलं असतानाच बांबूच्या सांगाड्यावर टाकायचं. त्याला ज्या चुण्या पडतात, त्याच पुढं कडेकपारी होतात. वाळलं की काळा हात, त्यावर तपकिरी डिस्टेंपर आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर पांढुरका रंग. मुरगुडातल्या एका तालमीमागच्या बोळात हे काम मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. करणारा पोरगा दिवसा सेंटरिंगच्या कामावर जातो. चुणी कुठं सोडायची आणि कुठं दाबायची, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. रात्री जेवणं झाल्यावर तो इथं येतो आणि बाजीप्रभूंच्या लढाईची घोडखिंड उभी करतो.

गणपतीत होणाऱ्या सजीव देखाव्याची ही तयारी. प्रसंग पंधरा-वीस मिनिटांचा असतो, पण एका रात्री तो पुन्हा पुन्हा करायचा असतो. घरचे गौरी-गणपती पोहोचवले की आसपासच्या गावांतली माणसं टेम्पो-ट्रॅक्टर भरून येतात. एक खेळ संपतो, पुढची गर्दी आत येते. इतक्या वेळा ओरडून कुणाचा घसा टिकणार? म्हणून संवाद, पार्श्वसंगीत, तलवारींचा खणखणाट, सगळं आधीच ध्वनिमुद्रित करून आणतात. आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा.

पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं. तालमी पाहिल्यावर त्यातली मेहनत कळते. ओठ जुळले तरी भागत नाही, श्वासही जुळावा लागतो. बाजीप्रभूंचा आवाज धापा टाकत असेल आणि छाती मात्र स्थिर, तर मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ते खटकतं. वार तर आणखी अवघड. पत्र्याची तलवार ढालीवर पडण्याचा क्षण ध्वनिफितीनं आधीच ठरवून टाकलेला असतो. दिग्दर्शक पहिल्यांदा आवाज बंद ठेवून नुसते आकडे मोजतो. मग आवाज लावतो आणि ओरडतो, "अरं लगा, आवाज आधी आला आणि तू मागनं मारलास! परत घ्या." परत घेतात. मावळ्यानं पडायचं कुठं, हे फळीवर खडूनं आखलेलं असतं, कारण फळ्या बॅरलांवर टाकलेल्या आहेत आणि कडेला तोल गेला तर हात मोडेल.

पैसा कुठून येतो? दारोदार फिरून जमवलेल्या वर्गणीतून. पावतीपुस्तकात लहान आकडेच जास्त. बाकीचं कामाच्या रूपानं येतं. मंडपवाला बांबूचं भाडं सोडतो, शिंपी शेले शिवून देतो, शाळेतले गुरुजी संहिता लिहितात. भाड्याची ड्रेपरी तेवढी रोखीनं आणावी लागते. कुठलं अनुदान नाही, अर्ज नाही, निवड समिती नाही. परीक्षक म्हणजे समोर उभं राहिलेलं गाव. प्रसंग लांबला की माणसं पुढच्या मंडळाकडं चालू लागतात. इतकी रोखठोक परीक्षा फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. तिच्यामुळेच हे काम चोख होतं, असं माझं मत आहे.

कलेला आपल्याच माणसांनी पैसा पुरवणं आपल्या भागाला नवं नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका कलावंतानं दुसऱ्या कलावंतावर टाकलेला विश्वास. ज्या कागलचं नाव तानीबाई लावत, त्याच कागल तालुक्यातलं हे मुरगूड, वेदगंगेकाठचं. बोळातला पोरगाही आधी पडदेच रंगवायला शिकला.

मात्र अनुदान-समितीविना मिळणाऱ्या या स्वातंत्र्याची एक किंमत आहे आणि ती मला अस्वस्थ करते. अनंत चतुर्दशी झाली की खिंड मोडून बांबू परत जातात. संहितेची वही कुणाच्या तरी माळ्यावर पडते, ध्वनिफीत जुन्या मोबाइलबरोबर जाते. वर्षानुवर्षं एवढे प्रसंग उभे राहिले, पण कुणी काय लिहिलं, कोण कोण काम करत होतं, याची नोंद शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. आणि दुसरीकडं, वर्गणीतला मोठा वाटा आता साउंड सिस्टीमच्या भिंतीकडं वळतो आहे. ती भिंत भाड्यानं मिळते, तिला तालीम लागत नाही. देखाव्याला पोरांच्या कित्येक रात्री लागतात.

म्हणून मंडळांना एवढंच सांगणं आहे: दर वर्षीची संहिता, कलाकारांची नावं आणि ध्वनिफितीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. आणि तुम्ही वर्गणी देणार असाल, तर पावती घेताना विचारा, यंदा देखावा आहे ना? असेल तर चार रुपये जास्त द्या.