स्पीकर मुका का झाला? आधी तपासा, मग पैसे मोजा

वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली आपल्यातून गेले. पण त्यांचा आवाज आपल्या घरांतून गेला नाही. पूर्वी तो टेपरेकॉर्डरवर ऐकू येई, आता वायफायच्या स्पीकरमधून येतो. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडच्या आपल्या वस्त्यांतही असे स्पीकर दिसू लागले आहेत. मात्र ऐन पौर्णिमेच्या वंदनेला स्पीकर जोडलाच जात नाही. मग 'बिघडला' म्हणून तो कपाटावर चढतो, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे जातो. कष्टाचा पैसा असा वाया जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. यंत्राच्या बाबतीतही आपण तसेच वागावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे.

प्रथम मोबाईलचा डेटा बंद करून वायफायवर काही चालते का ते पाहा. तेच चालत नसेल, तर दोष स्पीकरचा नव्हे. वीज जाऊन आली असेल तर राउटर आणि स्पीकर दोन्ही बंद करा. आधी राउटर लावा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग स्पीकर लावा.

राउटर नवा बसवला असेल तर वायफायचे नाव व पासवर्ड बदललेला असतो आणि स्पीकर जुनाच शोधत बसतो. तो कंपनीच्या ॲपमधून पुन्हा जोडावा लागतो. पासवर्ड टाकताना इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी टाका. ॲपने लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी मागितली तर ती द्या. मोबाईल व स्पीकर एकाच वायफायवर हवेत.

आता नेमकी मेख. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो : २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. अनेक स्वस्त स्पीकरांना फक्त २.४ समजते. राउटरवर दोन नावे दिसत असतील, तर २.४ चे निवडा. घरात राउटर नसून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येही २.४ करा आणि जोडणीचे ॲप दुसऱ्या मोबाईलवर उघडा.

आपल्यापैकी अनेकांची घरे पत्र्याची आहेत. पत्रा आणि लोखंडी कपाट वायफायच्या लहरी अडवतात. म्हणून पहिली जोडणी राउटरशेजारी बसून करा. तिथे जुळले आणि खोलीत तुटले, तर जागा बदला. स्पीकर चांगला आहे.

एवढ्यानेही भागले नाही, तर पुस्तिकेत पाहून रीसेट करा. शेवटी वॉरंटीचा कागद काढा. कंपनीचा फोन नंबर पुस्तिकेतूनच घ्या. इंटरनेटवर शोधलेला नंबर ठगाचा असू शकतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

आणि एक विनंती. हे काम घरातल्या एकट्या मुलावर सोडू नका. आई, आजी, लेकीबाळी सर्वांनी शेजारी बसून शिकून घ्यावे. शिक्षण शाळेपुरतेच नसते. घरातले यंत्र आपल्याला कळले, तर त्याच्यापायी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही आणि खिशातला पैसाही वाचतो.

जयभीम!