जेत्यांनी ठेवलेली नावे

ऱ्हाइन नदीच्या अलीकडचे ते 'गॉल', पलीकडचे ते 'जर्मन', ही वाटणी ज्युलिअस सीझरची. नदीच्या दोन्ही काठांवरच्या टोळ्यांना तिने विचारले कोणी? इ.स. ९ मध्ये रोमच्या तीन पलटणी कापून काढणारा आर्मिनियस चेरुस्की टोळीचा. इतिहासात मात्र तो 'जर्मन वीर' झाला!

धरमतर खाडीकाठी आम्हाला हाच न्याय दिसतो. पेण-रोह्याच्या डोंगरांत खैराचा काथ काढणारे ते कातकरी. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी जंगलावर कब्जा पक्का केला, धंदा बुडाला, नाव उरले. आता काही मंडळी 'वनवासी' हे नवे नाव घेऊन वाडीवर येतात. 'आदिवासी' म्हटले की मूळ मालक कोण, हा प्रश्न उठतो ना!

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी आयर्लंडचे 'फुइधिर' आणि वेल्सचे 'आल्टूड' यांचे दाखले दिले आहेत. स्वतःच्या टोळीतून तुटलेली, परक्यांच्या वेशीबाहेर वसलेली ही माणसे. तिकडे ती काळाबरोबर समाजात मिसळली. इथे तशाच माणसांभोवतीची वेस अस्पृश्यतेने कायम केली. फरक रक्ताचा नव्हे, धर्माज्ञेचा.

कातकरी अनुसूचित जमातीत, आपण अनुसूचित जातीत. पण कातकरवाडीही गावाबाहेरच. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर. घराखालची जागा अनेकदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या वनजमिनीवर दावा करता येतो. आपल्या कार्यकर्त्यांनी आधी ते अर्ज भरून द्यावेत. नाव कोणते लावायचे, ते वाडी ठरवील.