अधिवेशन दोन दिवसांचे, आमचे प्रश्न केव्हा?

घटनेच्या कलम 174 नुसार विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये. संसदेबाबतच्या अशाच तरतुदीवर 18 मे 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट केले होते, की याहून अधिक वेळा भरवण्यास आडकाठी नाही. मात्र अधिवेशन किती दिवस चालावे, हे कलमात नाही. तीच पळवाट! सप्टेंबर 2020, डिसेंबर 2020, जुलै 2021 : तिन्ही अधिवेशने दोन-दोन दिवसांत गुंडाळली. कोरोना होता, मान्य. पण जानेवारी 2020 मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीत स्फोटात कामगार मेले, त्याचा जाब दोन दिवसांत कोण विचारणार? पालघर आणि बोईसर हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. सभागृहच बसणार नसेल, तर त्या राखीव जागांचे आम्ही करायचे काय?